तळवे वर, तळवे खाली

भिंगरीला घरात भिंगरी म्हणायचे ते काही उगीच नाही. ही पोरगी जेवताना दोनदा उठायची, पुस्तक हातात घेऊन खोलीभर फिरायची आणि फोनवर बोलता बोलता जिना उतरून रस्त्यावर पोहोचायची. अशा मुलीने शिकायचं ठरवलं काय, तर हात! म्हणजे मनगटं, अंगठे, बोटांची पेरं. काम करून करून दुखावलेले हात व्यायामाने आणि शेकाने पुन्हा कामाला लावायचे. त्यासाठी परदेशी जायचं आणि तिथे अनोळखी माणसाचा हात हातात घेऊन शांत बसायचं. शांत! हे ऐकून बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आई हसली नाही. आई मोठ्या इस्पितळात मुख्य नर्स, आणि हात हा तिच्या लेखी हसण्याचा विषयच नव्हे. वॉर्डात नवी मुलगी आली की नाव-गाव विचारायच्या आधी हिचं सुरू, "हात दाखव." तळवे वर, तळवे खाली, नखं, बोटांच्या बेचक्या. सगळं मनासारखं असलं की म्हणायची, "बघितलं. जा." शाबास नाही, छान नाही, नुसतं बघितलं. पण तेवढं मिळालं की त्या बिचाऱ्या मुलींचा जीव भांड्यात पडायचा. घरीसुद्धा तोच कायदा. 'बघितलं' ऐकल्याशिवाय भिंगरीने लहानपणी कधी ताटाला बोट लावलं नाही.

निघायच्या दिवशी आईने बॅग पुन्हा एकदा उपसली, पुन्हा भरली आणि सूचनांचा सपाटा लावला. वेळेवर जेव. ओल्या केसांनी झोपू नकोस. कुणाचा टॉवेल वापरू नकोस. मग बॅगेची चेन ओढता ओढता, मान वर न करता म्हणाली, "आणि त्या शहरात पाऊल टाकायचं नाही."

कुठल्या शहरात, हे विचारायची सोयच नव्हती. भिंगरी शिकणार होती तिथून बसने दोन-तीन तासांत जाता येईल असं एक शहर होतं, सगळं कॅसिनोंनी भरलेलं. माणसं तिथे जुगार खेळायला जातात, दुसऱ्या कशाला जात नाहीत. तिथेच कुठेतरी आईचा धाकटा भाऊ राहत होता. म्हणजे भिंगरीचा सख्खा मामा. पण तिने त्याला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. घरात त्याचा विषय निघत नसे. चुकून निघालाच, तर "तो तिकडे पत्ते पिसतोय" एवढं म्हणून आई तो विषय तिथेच गाडायची.

खरी हकिगत बाबांकडून कळलेली, तीही आई घरात नसताना. आई-बाबांच्या लग्नाची गोष्ट. वऱ्हाड स्टेशनवर उतरणार आणि त्यांना गाड्या करून कार्यालयात आणायचं काम मामाकडे. कोवळा पोरगा, नवा शर्ट, अंगात नुसता उत्साह. घरून वेळेवर निघाला हो. पण वाटेत सायकलच्या दुकानामागे मित्रांचा डाव रंगला होता. एकच डाव, म्हणून टेकला, आणि मग कुठलं स्टेशन न कुठलं वऱ्हाड! तिकडे सगळे भर उन्हात ताटकळत उभे. शेवटी नवरदेव चक्क चालत निघाला. "मला तर मजा आली," बाबा सांगायचे. "भूकही कडकडून लागली." पण बाबांच्या काकांना मजा आली नव्हती. ते मांडवात तणतणत शिरले, आणि आईच्या वडिलांना सगळ्यांसमोर हात जोडून माफी मागावी लागली. ज्या माणसाने आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नव्हती, त्याला. हे आईने डोळ्यांनी पाहिलं. मामा धापा टाकत आला तेव्हा लग्न लागून पंगती बसल्या होत्या. आईने त्याला तिथेच सांगितलं, आजपासून मला भाऊ नाही. आणि आई बोलते ते करते, हीच तर तिची पंचाईत.

भिंगरीने आईचं ऐकलं. पहिलं सगळं वर्ष ऐकलं. तिच्या वर्गातली मुलं सुट्टीच्या दिवशी कॅसिनोच्या बसने त्या शहरात जायची. त्या बसचा थाटच वेगळा. तिकिटाबरोबर जेवणाचं कूपन, आणि निम्म्या बसमध्ये उशा आणि विणकाम घेऊन आलेल्या म्हाताऱ्या. मुलं खेळायची कसली, पोटभर जेवायची, मऊ गालिच्यांवरून फिरायची आणि संध्याकाळी परत यायची. भिंगरी आपली खोलीत येरझारा घालत हाडांची नावं घोकायची. पण मग शिकवणाऱ्या बाईंनीच घात केला. त्यांनी अख्खा वर्ग उचलला आणि त्याच शहरातल्या एका कॅसिनोत नेला, तिथल्या कामगारांचे हात तपासायला. "पाऊल मी कुठे टाकतेय, बस टाकतेय," अशी भिंगरीने मनाची समजूत घातली आणि खिडकीची जागा पकडली.

झगमगाट राहिला पुढच्या दाराशी, यांना नेलं मागच्या दाराने. आत पांढरे दिवे, भिंतीला टेकवलेल्या चादरींच्या ट्रॉल्या, पोचे पडलेली लोखंडी कपाटं आणि कामगारांचं कँटीन. सूपचा आणि फरशी पुसायच्या औषधाचा वास एकात एक मिसळलेला. टेबलं जोडून मुलं बसली, समोर रांग लागली. खोल्या आवरणाऱ्या बायका आल्या, भाज्या चिरणारे आले, पत्ते वाटणारे आले. भिंगरी एकेक हात हातात घेत होती, अंगठा वाकवत होती, दुखतंय का विचारत होती. आश्चर्य म्हणजे एका जागी बसून होती.

मग एक हात आला. स्वच्छ, नखं बारीक कापलेली, मनगटाला पट्टा आवळलेला. आणि करंगळी! शेवटच्या पेरापाशी आत वळलेली, शेजारच्या बोटाला कानात काही सांगत असल्यासारखी. भिंगरीची तशीच होती. आईची तशीच. आईच्या वडिलांचीही तशीच होती म्हणे.

"अगंबाई, ही तर आईची करंगळी!" भिंगरीच्या तोंडून आपल्या भाषेत निघून गेलं.

तो हात तिच्या हातातच राहिला. आणि वरून त्याच भाषेत, बऱ्याच दिवसांत न वापरलेला आवाज आला, "मग? आई कशी आहे?"

भिंगरीने वर पाहिलं. नाक आईचं, भुवया आईच्या. डोळे मात्र लगेच भरून येणारे, ते काही आईचे नव्हते. मागे उभा असलेला स्वयंपाकी खाकरला. "बरी आहे," भिंगरी म्हणाली, आणि शिकवल्याप्रमाणे विचारलं, "तुम्हाला कुठे दुखतंय?"

"आता सगळीकडेच," मामा म्हणाला. "आणि 'तुम्ही' काय म्हणतेस? मी काय साहेब आहे?"

तिथून भिंगरीच्या फेऱ्या सुरू झाल्या. परीक्षा संपली की बस, जोडून सुट्टी आली की बस, आणि कधी नुसतं करमत नाही म्हणून बस. आईला खोटं सांगितलं नाही. सांगितलंच नाही. यात फरक आहे असं भिंगरीचं म्हणणं होतं, आणि ते तिला स्वतःलाही फारसं पटत नव्हतं.

मामा एका लाँड्रीच्या वर दोन खोल्यांत राहायचा. खाली दिवसभर यंत्रं गरगरायची, त्यामुळे थंडीतही त्याची फरशी कोमट असायची, आणि त्याचं त्याला कोण कौतुक! येणाऱ्याला बूट काढायला लावून आधी पाय टेकवायला सांगायचा. खिडकीत रंगाच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटोची रोपं. भिंतीवर एक घड्याळ, फडताळावर एक, न्हाणीघरातही एक. "कॅसिनोत घड्याळ ठेवत नाहीत," तो सांगायचा. "खिडकीही नाही. खेळणाऱ्याला वेळ कळूच नये. मग घरी तरी वेळेची चैन करू दे की मला." लग्न केलं नव्हतं. का, असं भिंगरीने विचारलं तर म्हणाला, "वऱ्हाड आणायला कुणाला पाठवलं असतं?" आणि स्वतःच हसत सुटला.

इथे आल्यावर आधी त्याने भांडी घासली, मग जिने झाडले, मग कॅसिनोवाल्यांनी पत्ते वाटायला शिकवलं. 'एकवीस' नावाच्या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर तो कित्येक वर्षं उभा होता. भिंगरी शेवटी आईची मुलगी, तिने तोंडावर विचारलं, "ज्या पत्त्यांपायी घर सुटलं, तेच हातात धरलेस?"

मामाला राग आला नाही. तो टोमॅटोला पाणी घालत होता, ते घालून झाल्यावर बोलला. "खेळणं वेगळं, वाटणं वेगळं, भिंगरे. खेळणारा उठत नाही. त्याला वाटतं, आता उठलो तर गेलंच सगळं. वाटणाऱ्याला उठवतात. थोडा वेळ झाला की मागून दुसरा येतो, खांद्याला बोट लावतो. हातातला डाव पुरा करायचा आणि बाजूला व्हायचं. टेबल कितीही तापलेलं असो, लोक कितीही थांब थांब म्हणोत. मला आयुष्यात तेवढंच शिकायचं होतं. दुसऱ्या कुठल्या शाळेत ते शिकवत नव्हते." त्या लग्नानंतर तो एकही डाव खेळला नव्हता. खालच्या लाँड्रीवालीच्या पोरांनी सापशिडी मांडली तरी हा सोंगट्या लावून द्यायचा आणि लांब बसायचा.

कामाचे नियम त्याच्या अंगात इतके मुरले होते की बघणाऱ्याला हसू यावं. पत्ते वाटणाऱ्याने कुणाशी हात मिळवायचा नाही, म्हणून हा रस्त्यातही हात मागे बांधून नमस्कार केल्यासारखी नुसती मान हलवायचा. पत्ते वाटणाऱ्याच्या खिशांवर एप्रन असतो, म्हणून याला खिशात हात घालायचं सुचायचंच नाही, किल्ली कायम गळ्यात. आणि सगळ्यात भारी म्हणजे ते टाळीचं. टेबल सोडताना हलकी टाळी वाजवायची, तळवे वर करायचे, मग खाली करायचे. बोटांत चिप, म्हणजे पैशांऐवजी चालणारी चकती नाही, पत्ता नाही, काही घेऊन जात नाही, असं दाखवायचं. मामा ते घरीही करायचा. चहाचा कप ठेवला, टाळी, तळवे वर, तळवे खाली. मिठाची बाटली सरकवली, पुन्हा तेच. भाजीवाल्याकडे कांदे निवडून झाले की तिथेही. भाजीवाला आता गमतीने त्याला तसेच तळवे दाखवायचा.

"पण दाखवतोस कुणाला?" भिंगरीने एकदा विचारलं.

"छतात कॅमेरे असतात. त्यांच्यामागे कुणीतरी बसलेलं असतं."

"ते काय म्हणतं?"

"काही नाही. इतकी वर्षं दाखवतोय, एकदाही काही म्हटलं नाही. काही म्हणत नाही म्हणजे ठीक चाललंय असं समजायचं." मामाने कप उचलला, मग पुन्हा खाली ठेवला. "तुझी आई निदान बघितलं तरी म्हणायची."

तेव्हा भिंगरीला कळलं की आईचा तो कायदा वॉर्डात जन्मला नव्हता. आजी लवकर गेलेली. या धाकट्याला न्हाऊमाखू घालून, अभ्यासाला बसवून वाढवलं ते मोठ्या बहिणीने. आणि हा पठ्ठ्या पत्ते तळहातात लपवून बाहेर सटकायचा. म्हणून ती दारात आडवी उभी राहायची. हात दाखव. तळवे वर, तळवे खाली. बघितलं, जा. "ते 'जा' ऐकलं ना," मामा म्हणाला, "की काय मोकळं वाटायचं म्हणून सांगू!"

भिंगरी त्याच्या मनगटावर जीव तोडून मेहनत घेत होती. कोमट पाणी, रबरी चेंडू, कणकेचा गोळा, बोटांचे व्यायाम. दुखणं कमी व्हायचं आणि कामावर गेलं की पुन्हा डोकं वर काढायचं. शेवटी शिक्षण संपत आलं तेव्हा तिनेच जड मनाने सांगितलं, मामा, पत्ते सोड. कॅसिनोवाले बरे होते. नव्या मुलांना शिकवायचं काम त्याला द्यायला तयार झाले. खुर्चीवर बसायचं, तोंडाने शिकवायचं. पदवीच्या समारंभाच्या सुमारास त्याचे टेबलावरचे शेवटचे दिवस येत होते.

"सोडतो," मामा म्हणाला. "खुशीने सोडतो. पण एक आहे बघ मनात. ताई येणार आहे ना तुझ्या समारंभाला? तिने एकदा यावं. माफ नाही केलं तरी चालेल. बोललीसुद्धा नाही तरी चालेल. नुसतं लांब उभं राहून बघावं, की मी उठतो."

एवढंच. या माणसाला आयुष्याकडून दुसरं काही नको होतं. आणि ते देणं आता भिंगरीच्या हातात होतं, म्हणून तिची झोप उडाली होती.

आई आली. एकटीच आली, कारण बाबांच्या गुडघ्याने ऐन वेळी संप पुकारला. आल्या आल्या भिंगरीची खोली तपासली, पडदे धुवायला काढले, समारंभात ताठ बसली आणि लेकीचं नाव पुकारलं तेव्हा इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. भिंगरी रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. रोज रात्री ते उद्यावर ढकलायची. आई खुशीत होती, आणि आईला खुशीत बघायची सवय नसल्यामुळे तिची खुशी मोडवेना. मामाचे टेबलावरचे दिवस सरत चालले होते.

आणि मग एका दुपारी भिंगरीने आईपुढे चहा ठेवला. कप ठेवला, हलकी टाळी वाजवली, तळवे वर केले, तळवे खाली केले आणि बिस्किटं आणायला वळली.

"थांब," आई म्हणाली. "हे काय होतं?"

"काय?"

"हे. हात दाखवलेस. मी मागितले नव्हते."

भिंगरीने आपल्या हातांकडे पाहिलं. तिला पत्ताच नव्हता. मामाच्या घरी चहाला बसून बसून, त्याच्यासोबत कप विसळून विसळून ते खूळ कधी तिच्या हातांत शिरलं होतं कुणास ठाऊक. "मनगटाचा व्यायाम आहे तो," ती म्हणाली.

"भिंगरे."

आईने एवढंच म्हटलं, आणि खेळ खलास. भिंगरीने सगळं सांगून टाकलं. करंगळी, लाँड्री, घड्याळं, टोमॅटो, काही ठेवलं नाही. मामाची इच्छाही सांगितली. सांगताना खोलीत दारापासून खिडकीपर्यंत फिरत होती. आई तिला एका जागी बस म्हणाली नाही, यावरून भिंगरीला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

चहा गार झाला. आईने तो ओतून दिला, कप घासला, मग न वापरलेला दुसरा कपही घासला. नळ बंद करून म्हणाली, "पट्टा कसा बांधतो तो?"

"कसला?"

"मनगटाचा. आवळून बांधत असेल. लहानपणी बुटाची नाडीसुद्धा अशी आवळायचा की पाय लाल व्हायचा." टॉवेलला हात पुसले. "बस कधी असते? माफी-बिफी काही नाही हं. मनगट बघून येते."

बसमध्ये आईला उशीवाल्या म्हातारीशेजारी जागा मिळाली. म्हातारीने जुगाराचं कोणतं यंत्र नशिबाचं आणि कोणतं मेलं दळभद्री, याची खुणांनी सगळी माहिती दिली. आईने तिची सुजलेली बोटं पाहिली आणि तिला खुणांनीच बोटांचा व्यायाम शिकवला. उतरेपर्यंत दोघींची गट्टी जमली होती. भिंगरी मात्र बसमध्ये पुढून मागे फेऱ्या घालत होती. इतक्या काळजीत ती होती की मुख्य गोष्ट आईला सांगायची राहूनच गेली. टेबलावर असताना मामाला ओळखीच्या माणसाशी बोलता येत नाही, हे ती साफ विसरली.

आई पर्स छातीशी धरून त्या गालिच्यावरून अशी चालली, जणू राउंडला निघाली आहे. दिवसाउजेडी तिथे दिवे लखलखत होते. यंत्रं किणकिणत होती. मामा टेबलामागे उभा होता, पांढरा शर्ट, काळा एप्रन, केस नीट विंचरलेले. त्याने मान वर केली आणि बहिणीला पाहिलं. हातातला पत्ता एक क्षण हवेत राहिला. मग तो खेळणाऱ्यासमोर पडला, त्याच्यानंतर दुसरा पडला.

आई टेबलाभोवतीच्या दोरीपाशी जाऊन उभी राहिली. "ओळखलं नाही का रे?" ती मोठ्याने म्हणाली.

मामाने तिच्याकडे पाहिलं, ओठ मिटले आणि नजर पत्त्यांवर नेली. डाव चालू राहिला.

आईचा चेहरा दगडासारखा झाला. भिंगरीला तो चेहरा माहीत होता. "बघ," आई म्हणाली, "बघ तुझा मामा. सख्खी बहीण समोर उभी आहे, आणि याचा डाव सुटत नाही. चल."

भिंगरीने तिच्या पर्सचा पट्टा धरला. "आई, थांब ना. त्यांना बोलायची परवानगी नसते. तो उठेल. थोडा वेळ थांब, येईल तो."

"त्या दिवशीही सगळे हेच म्हणत होते," आई म्हणाली. "येईल, येईल."

भिंगरीने पट्टा तेवढा सोडला नाही. आईनेही ओढला नाही. दोघी तशाच उभ्या राहिल्या. टेबलाशी एक टोपीवाला गडी जिंकत होता आणि प्रत्येक डावाला आरोळ्या ठोकत होता. आजूबाजूला गर्दी जमली होती. टेबल पुरतं तापलं होतं, आणि आईचं तोंड आणखी घट्ट होत चाललं होतं.

तेवढ्यात मागून एक उंच मुलगी आली आणि तिने मामाच्या खांद्याला बोट लावलं.

टोपीवाला हवालदिल झाला. नको, नको, याला जाऊ देऊ नका, याचा हात मला लाभतोय, अजून एकच डाव! भाषा आईला कळली नसेल, पण ते एक बोट वर करून केलेलं आर्जव जगात सगळीकडे सारखंच असतं. मामाने हातातला डाव पुरा केला. पत्ते गोळा करून जागेवर ठेवले. हलकी टाळी वाजवली. तळवे वर, तळवे खाली. आणि बाजूला झाला. टोपीवाला अजून ओरडत होता. मामाने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही, तो सरळ दोरीपाशी आला.

आईने पर्सवरची पकड सैल केली. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "पट्टा आवळून बांधलायस."

मामाची सुट्टी एवढीशी. बाजूच्या दाराबाहेर, जिथे भाज्यांच्या पेट्या उतरवतात तिथे एक बाक होता. तिथे आईने त्याला बसवलं, पट्टा सोडला, मनगट दाबून पाहिलं आणि पुन्हा बांधला, हलक्या हाताने, सैलसर. भिंगरी दोन वर्षं हेच शिकली होती. तरी ती गुपचूप बघत राहिली. दोघांच्या वाकड्या करंगळ्या शेजारी शेजारी होत्या.

"आपले बाबा गेले तेव्हा तुला कळवलं नाही मी," आई पट्ट्याकडे बघत म्हणाली.

"कळलं होतं ताई. उशिरा कळलं. दुसऱ्यांकडून."

"माझं चुकलं. रागात होते, पण म्हणून चुकलं नाही असं होत नाही. बाबा तर ते लग्नाचं कधीच विसरले होते. मीच धरून बसले."

मामाने बाहीने डोळे पुसले. मग कसाबसा म्हणाला, "भाऊजी चालत आले होते म्हणे."

"अजून सांगत फिरतात. भूक लागली होती म्हणतात." आणि आई हसली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते हसण्याचं की कशाचं ते तिने लपवलंही नाही. "गधड्या," ती म्हणाली. "केवढी वाट पाहिली रे तुझी त्या दिवशी. वऱ्हाडाचं जाऊ दे. मला तू हवा होतास लग्नात." मामा तिच्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. पेट्या उतरवणारा माणूस भला होता, तो दुसऱ्या दाराने गेला.

सुट्टी संपत आली. मामाने तोंड धुतलं, केस सारखे केले, एप्रनची गाठ तपासली. संध्याकाळी लाँड्रीवरच्या खोलीत जेवायला यायचं ठरलं. आईने तिथली फरशी आणि न्हाणीघर तपासणार असल्याचं आधीच जाहीर केलं. तो दारापर्यंत गेला आणि उंबऱ्याशी थबकला. त्याला आत जायचं होतं आणि जाववत नव्हतं. मग त्याच्या हातांनी आपलं आपणच ते केलं. हलकी टाळी. तळवे वर. तळवे खाली.

आई बाकावरून उठली, त्याच्याजवळ गेली आणि त्याचे हात निरखून पाहिले. नखं, बेचक्या, वाकडी करंगळी, सगळं सावकाश, एकही बोट न सोडता.

"बघितलं," ती म्हणाली. "जा."

आणि मामा पत्ते वाटायला गेला.